राहिलेला काना

दुकानात बोलका कीबोर्ड होता. काउंटरवरच, माझ्या डाव्या हाताशी होता. तरी धडगावला परत येऊन मी तात्यांना सांगितलं की तो संपला, मुकाच शिल्लक होता, म्हणून मुका आणला. नोकरीत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. काही घाईत झाल्या, काही वरच्याच्या धाकाने. ही मात्र पूर्ण शुद्धीत झाली, दुकानदाराकडे पिशवी मागत मागत झाली. तात्यांबद्दल लिहायचं तर तिच्यापासूनच लिहावं लागेल. नाहीतर पुढचं सगळं कौतुक ढोंगी वाटेल.

तात्या आमच्या कार्यालयातले टंकलेखक. धडगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मुख्य लिपिक, आणि माझ्या टेबलाला टेबल लावून ते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, हुद्द्याने खाली. आम्ही दोघेही खालच्या सपाटीवरचे, तापीकाठचे. सोमवारी जीपने घाट चढायचा, शनिवारी उतरायचा, मधले दिवस भाड्याच्या खोलीत काढायचे. प्राचार्यांशी मराठीत बोलायचं, गावातली माणसं आपापसांत पावरी नाहीतर भिलोरी बोलायची, आणि आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीत. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला 'भो' म्हणायचे. आमची भांडणंही अहिराणीतच व्हायची, आणि ती रोज व्हायची.

तात्या जुन्या टाइपरायटरवर शिकलेले. त्यामुळे कीबोर्डवर ते बोटं टेकवायचे नाहीत, मारायचे. मान वर, नजर छताच्या पंख्यावर, ओठ हलताहेत आणि खाली दहाही बोटांचा मारा चाललेला. पडद्याकडे चुकूनही बघायचे नाहीत. एकदा आमचे संगणकाचे सर म्हणाले, "तात्या, टाइप करताना स्क्रीन बघत जा, चूक लगेच दिसते."

तात्यांनी पंख्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "पोर दिधी त्या घरमा कोनी रोज डोकाई दखस का? एकदाव दिधी म्हंजे दिधी."

सर नवे होते, धुळ्याचे होते. त्यांनी हसून स्वतःचं टायपिंग करून दाखवलं. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "मास्तर, चिखलमा म्हैस चाली ऱ्हायनी."

अशी त्यांची जीभ. चपला काढल्याशिवाय ते मशीनपुढे बसत नसत. कीबोर्डवर बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला असायचा आणि तो उचलायचा हक्क फक्त त्यांचा. माउसला हात लावायचा झाला तर करंगळीने, मेलेला उंदीर बाजूला सारावा तसा. दाखला टाइप करायला कुणी मुलगा आला की त्याचं आडनाव तीनदा वदवून घ्यायचे. "नीट बोल. घाई नको. काना कुठे आहे?" पोरं घाबरायची. कान्याबद्दल कुणी आपल्याला असं दरडावून विचारेल, असं त्यांना आयुष्यात वाटलेलं नसायचं.

हे कान्याचं जरा सांगितलं पाहिजे. तात्या ज्या पद्धतीने टाइप करायचे तिच्यात ध, भ, थ, श, ण अशी काही अक्षरं नुसती दाबली तर अर्धीच उमटतात. पुढे कान्याची कळ दाबली की ती उभी दांडी येते आणि अक्षर पुरं होतं. काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. दिवसभरात सर्वांत जास्त मार त्याच कळीला. तात्यांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं, नवीन माणूस आला की त्याला ते ऐकावंच लागे. "काना म्हंजे उभा माणूस शे. तो उना का अर्धाना पुरा व्हस."

आणि अर्ध्याचा त्यांना खराखुरा राग होता. धडगावात वीज जाते, हे काही नवल नाही. वीज गेली की आम्ही सगळे हात वर करून आळस द्यायचो. तात्या मात्र काळ्या पडद्यापुढे, मेलेल्या मशीनवर, हातात घेतलेला शब्द शेवटपर्यंत टाइप करूनच थांबायचे. मी म्हणायचो, "तात्या, कोनले दखाडी ऱ्हायनात? लाइट नही शे."

"शब्द अर्धा सोडानं नही, भो," ते म्हणायचे, "लाइट जास, शब्द नही जात."

पाहुण्यांना सांगायला हे किस्से छान होते. मी ते पुष्कळ सांगितले. त्यांच्या चहाचा किस्सा तर मी प्रत्येक तपासणी अधिकाऱ्याला सांगत असे. शिपाई उकळता चहा काचेच्या ग्लासात आणायचा. आम्ही सगळे ग्लासाची कड दोन बोटांत धरून फुंकर मारायचो, आणि तात्या पूर्ण मुठीत ग्लास धरून गप्पा मारत बसायचे. "आमच्या तात्यांचा हात लोखंडाचा आहे," असं मी म्हणायचो, आणि तात्या हात उलटा-पालटा करून दाखवायचे. पुढे त्यांनी बटणांचे शर्ट सोडले आणि डोक्यातून घालायचे सदरे शिवून घेतले. कारण विचारलं तर म्हणाले, बटण ही इंग्रजांनी लावलेली खोड आहे. आम्ही हसलो. माणूस एकदा विक्षिप्त ठरला की त्याचं सगळंच विक्षिप्तपणाच्या खाती जमा होतं. पुढे बघायचं कुणी कष्ट घेत नाही. मी तर टेबलाला टेबल लावून बसत होतो.

त्यांचा जुना कीबोर्ड विटेसारखा जड होता, मूळचा पांढरा, रंग पिवळा पडलेला. त्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा. सुरुवातीची वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर माझी आई अंथरुणाला खिळली. तिला मी खाली एकटी ठेवू शकत नव्हतो, म्हणून धडगावच्या खोलीवर आणली. तिची वाचा गेली होती. काही हवं असलं की ती काठीने खाटेचा पाय ठोकायची, आणि तिला सारखं काहीतरी हवं असायचं. पाणी दिलं तरी ठोकायची. जवळ बसलो तरी ठोकायची. माझी झोप गेली. सकाळी कार्यालयात येऊन बसलो की शेजारी तात्यांचं सुरू व्हायचं, आणि मला वाटायचं, मी खोलीतून निघालोच नाही.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. कारण म्हणून सांगतो. दोन्हींत फार फरक नसेलही.

एके दिवशी मी टेबलावर हात आपटला. "तात्या, जरा हळू! कान किटी गयात मन्हा."

तात्या थांबले. पंख्यावरची नजर माझ्यावर आणली. म्हणाले, "कान किटनात तुन्हा, तर काना कसा आयकू येई?" आणि स्वतःच्याच कोटीवर इतके खूश झाले की शिपायाला हाक मारून ती पुन्हा ऐकवली.

त्या कीबोर्डची अखेर मुंग्यांनी केली. पावसाळ्यात आत घर केलं आणि अर्ध्या कळा बसल्या. मग आम्ही साधे, पातळ कीबोर्ड आणले. पहिला तात्यांनी महिनाभरात फोडला. दुसऱ्याची कान्याची कळ उडून थेट प्राचार्यांच्या दारात पडली. तेव्हा संगणकाचे सर म्हणाले की आता मेकॅनिकल कीबोर्ड स्वस्त झालेत. प्रत्येक कळीखाली वेगळा खटका असतो, मारा सोसतो. त्यातही दोन तऱ्हा आहेत, निळ्या खटक्याचा आवाज करतो, लाल खटक्याचा नाही. नंदुरबारच्या एका दुकानात दोन्ही आहेत, दोन्ही आपल्याला परवडण्यासारखे आहेत, हात लावून ठरवा.

पगारबिलं घेऊन मला नंदुरबारला जायचंच होतं. तात्या बरोबर आले. मिरच्यांचा हंगाम होता. शहराबाहेर पथारींवर वाळणाऱ्या मिरच्यांचा खकाणा जीपमध्ये शिरला आणि सगळे शिंकायला लागले. तात्या एकटे शांत. त्यांनी आधीच उपरणं नाकाला बांधलं होतं, आणि आम्हाला शिंकताना मोजत होते.

दुकानात त्यांनी चपला काढल्या. दुकानदार म्हणाला, "काका, राहू द्या, चालतं." काकांनी लक्ष दिलं नाही. दोन्ही कीबोर्ड शेजारी शेजारी ठेवायला लावले. किंमत जवळपास सारखी, रूप सारखं, दोन्ही काळे. तात्यांनी आधी लालवर डोळे मिटून एक ओळ मारली. चेहरा पडला.

"हाऊ मुका शे," ते म्हणाले. "कापूसनी गाठमा मुक्की मारानं काम. लागनी का नही, कोनले कळस?"

मग निळ्यावर तीच ओळ. टक्, टक्, टक्, टक्. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तात्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट कान्यावर ठेवलं आणि ती एकच कळ कितीतरी वेळा दाबली. प्रत्येक वेळी ती वाजली आणि प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली, जुन्या ओळखीचा माणूस भेटावा तसे.

"हाऊ बोलस," ते मला म्हणाले. "हाऊ सांगस, तात्या, उनू मी."

मी तेव्हा फक्त आवाज ऐकत होतो. पुढच्या दोन वर्षांचा आवाज. त्यांच्या निवृत्तीला तेवढीच राहिली होती. तात्या काय म्हणाले ते मी ऐकलं, पण ते काय सांगत होते ते ऐकलं नाही.

खरेदीला प्राचार्यांची मंजुरी लागते, म्हणून त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो. पुढच्या खेपेला बिलं घेऊन मी एकटाच गेलो. आदल्या रात्री आईने खाट ठोकणं थांबवलंच नव्हतं. दुकानदाराने मला ओळखलं. "काकांना निळा आवडला होता ना?" म्हणत त्याने निळ्याचा खोका पुढे सरकवला.

"लाल द्या," मी म्हणालो. "आणि पिशवी द्या."

तात्यांनी खोका उघडला, लाल खटके बघितले. मी म्हणालो, "बोलका संपी गया, तात्या. हाऊच व्हता." त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग लुगड्याचा तुकडा झटकून नव्या कीबोर्डवर पांघरला. "व्हई," म्हणजे असेल, एवढंच म्हणाले. एवढं कमी बोललेले तात्या मी प्रथमच बघत होतो, आणि मला हायसं वाटलं. कार्यालयात शांतता आली. मला दुपारी डुलकी लागू लागली.

चुका केव्हा सुरू झाल्या ते मला सांगता येणार नाही, कारण त्या बघण्याचं काम माझं होतं आणि मी बघत नव्हतो. दाखले टाइप होऊन माझ्याकडे येत, मी 'तपासले' या शब्दापुढे सही करी, आणि ते प्राचार्यांकडे जात. एक दिवस काठी गावाकडून एक गृहस्थ आले. मोलगीवरून दोन जीपा बदलून आले होते. अंगात धुतलेला सदरा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीचा दाखला. जातीच्या दाखल्याच्या खिडकीवरून तो परत आला होता.

"साहेब, आम्ही पाडवी," ते म्हणाले. "इथं पडवी लिवलं."

मी बघितलं. खरंच पडवी. आमच्या डोंगरातलं निम्म्या वर्गाचं आडनाव, त्यातला एक काना गेला होता आणि माणसांची ओसरी झाली होती. संगणकाच्या सरांना हसू आवरलं नाही. त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तिथला साहेब पण हसला," ते म्हणाले. "म्हणे, घर कुठं हाय मग? हसू द्या. पण आम्हाला आत घ्या साहेब. पडवीत नका ठेवू."

मी मागचे दाखले काढून बघितले. आणखी चार पडव्या निघाल्या. एका पावराचा पवरा झाला होता. ध आणि भ अर्धेच लंगडत होते. तात्या शेजारी उभे राहून बघत होते. ते एक एक दाखला डोळ्यांजवळ नेत होते, परत ठेवत होते. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडेही तसंच बघितलं. मला ते तेव्हा नाटकी वाटलं.

प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. "कुणी टाइप केले हे?"

"मी केले," तात्या म्हणाले.

"आणि तपासले कुणी?"

सही प्रत्येक दाखल्यावर होती. प्राचार्यांचा चष्मा कपाळावर होता, म्हणून त्यांना ती दिसली नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते, हे मला आज कळतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. तो दमला होता, आम्ही सगळेच दमलेलो होतो. म्हणाले, "तात्या, थोडेच दिवस राहिलेत तुमचे. टायपिंग सोडा आता. आवक-जावक बघा. काय हो, बरोबर ना?" शेवटचं मला होतं.

मी म्हणालो, "तेच बरं होईल, सर."

बाहेर आल्यावर मी व्हरांड्यात तात्यांना थांबवलं. "तात्या, मनवर लेवू नका," असं काहीतरी म्हणालो. तात्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"ठीक आहे, साहेब," ते म्हणाले.

साहेब. आणि शुद्ध मराठीत. त्या दिवसापासून ते माझ्याशी अहिराणी बोलले नाहीत. आवक-जावकच्या कोपऱ्यातून आवाज यायचा, "साहेब, टपाल आले आहे." "साहेब, आपली सही हवी आहे." एकही काना न सोडलेली, इस्त्री केलेली मराठी. शिवी दिली असती तर मी घरचा राहिलो असतो. त्यांनी मला कार्यालयातच ठेवलं.

महिनाभराने असेल, शिपाई चहा घेऊन आला. तात्यांच्या ग्लासाला त्याने फडकं गुंडाळलं होतं. मी गमतीने म्हणालो, "काय रे, लोखंडाच्या हाताला फडकं कशाला?"

तो थांबला. वयाने लहान नव्हता, आमच्या सगळ्यांच्या आधीपासून त्या कार्यालयात होता. म्हणाला, "साहेब, तात्याचे बोट मरेल आहेत. साखरेनं. त्याला गरम कळत नाय, थंड कळत नाय. मागे फोड आला तव्हा मीच पट्टी बांधली. तुम्हाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. शिपायाला माहीत होतं, जीपवाल्याला माहीत होतं. तोच तात्यांच्या हातातली पिशवी काढून घ्यायचा, आणि मला वाटायचं, काय मान आहे म्हाताऱ्याला. मी जागेवर बसलो आणि ग्लास, सदरे, दुकान, सगळं एकामागोमाग डोळ्यांपुढून गेलं. ज्या बोटाला काही कळत नव्हतं, त्या बोटाला कान दिला होता त्या निळ्या कीबोर्डने. कळ दाबली गेली की नाही, हे बोट सांगत नव्हतं म्हणून ते आवाजाला विचारत होते, आणि काना आवाजाने सांगत होता, आलो मी. तात्या, उनू मी.

तेव्हाच मी उठून त्यांच्या टेबलाशी जायला हवं होतं. दहा पावलंही नव्हती. मी गेलो नाही. सांगितलं तर आधी खोटं कबूल करावं लागणार, मग सही, मग 'तेच बरं होईल'. एकाला हात लावला की तिन्ही अंगावर येणार. आज नको, उद्या, असं करत मी ते ढकलत राहिलो. चूक करायला मला एक क्षण लागला होता. ती सांभाळण्यात मी जास्त दमलो.

दरम्यान आई गेली. तात्या खाली माझ्या गावी दारावर बसायला आले होते. पायरीवर टेकले, बराच वेळ बसले. आमच्याकडे अशा वेळी माणसं काय काय बोलतात, माय गई, छत्र गयं. तात्या उठताना म्हणाले, "वाईट झाले, साहेब." माझे सगळे नातेवाईक माझ्याकडे बघायला लागले की हा कोण परका माणूस आला होता.

आई गेल्यावर खोलीत आवाज उरला नाही, आणि कार्यालयातही नव्हताच. दाखले आता मी टाइप करत होतो, त्याच मुक्या कीबोर्डवर. पाडवी आलं की थांबायचो. बोट खाली जायचं, वर यायचं, काही ऐकू यायचं नाही. मी मान वाकवून पडद्यावर काना शोधायचो. धडधाकट बोटं असून शोधायचो.

तात्या निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं. वीज गेल्यावर शब्द पुरा करण्याचा किस्सा सांगितला, लोक हसले. शाल देताना मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांना तो कळला की नाही, मला माहीत नाही.

शेवटी मी तात्यांच्या गावी गेलो ते यंदा पपईच्या तोडणीच्या दिवसांत. काही निमित्त नव्हतं. निमित्त शोधून जाण्याची ताकद संपली होती, एवढंच. जीपमध्ये मी वाक्य तयार करत होतो. 'माझ्याकडून आपल्यावर अन्याय झाला' हे जमून आलं होतं. चांगलं, कार्यालयीन, कुणालाही पाठवता येईल असं वाक्य होतं.

तात्या ओट्यावर खाटेवर बसले होते. वाळले होते. "या साहेब, बसा," म्हणाले. काकूंनी चहा आणला. माझा ग्लास माझ्या हातात दिला, त्यांचा बशीत ओतून, फुंकर मारून, मग दिला. प्राचार्य कसे आहेत, घाटाचा रस्ता झाला का, असं सगळं त्यांनी मराठीत विचारलं, मी मराठीत सांगितलं.

खाटेच्या उशाशी एका लाकडी पाटावर काहीतरी झाकून ठेवलं होतं. लुगड्याचा तुकडा मी ओळखला. माझी नजर तिकडे गेलेली तात्यांनी बघितली आणि तुकडा उचलला.

निळ्या खटक्यांचा कीबोर्ड होता. त्याची वायर गुंडाळून दोऱ्याने बांधलेली होती. घरात कॉम्प्युटर नव्हता.

"रोज सकायले बठतस," काकू आतून म्हणाल्या. "टक् टक् टक् टक्. कोनले लिखतस, देव जाने. शेजारना म्हनतस, तुम्हना घर सुतार लागेल शे का?"

"केव्हा घेतला?" मी विचारलं.

"तुम्ही मुका आणलात ना, साहेब," तात्या म्हणाले, "त्याच शनिवारी. घाट उतरलो तो सरळ नंदुरबारला गेलो. दुकानदार म्हणाला, तुमचे साहेब आले होते, त्यांना हाच देत होतो, त्यांनी घेतला नाही."

मी त्या बांधलेल्या वायरकडे बघितलं. मग म्हणालो, "मग कार्यालयात का नाही आणलात? काना राहिला नसता, तात्या. काहीच झालं नसतं."

"आणला असता तर सगळे विचारते, संपलेला कीबोर्ड कुठून आला. मग तुमचं काय राहतं?" त्यांनी मधलं बोट कान्यावर ठेवलं. दाबलं नाही. "आणि मला वाटलं, साहेब आज सांगतील. उद्या सांगतील. मीही हट्टाला पेटलो. पुढे टायपिंग गेलं, टेबल गेलं, तरी म्हटलं, बघू."

ते एवढं बोलून थांबले. राग नव्हता. असता तर सोपं झालं असतं. शेताकडून पपईच्या ट्रकचा आवाज येत होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काय चाललंय ते न कळून परत आत गेल्या.

मी ग्लास खाली ठेवला. तयार केलेलं वाक्य आठवायला गेलो, त्यातला 'आपल्यावर' तेवढा आठवला. "तात्या," मी म्हणालो, "त्या दिवशी दुकानात... म्हणजे माझ्याकडून..." आणि पुढचं आलंच नाही. मी मान खाली घातली आणि आता उठावं, निघावं, असं मनात आलं.

तात्यांनी कान्याची कळ एकदा दाबली. टक्.

"शब्द अर्धा सोडानं नही, भो," ते म्हणाले.

किती तरी दिवसांनी मी ते ऐकत होतो. मी मान वर केली.

"तात्या," मी म्हणालो, "दुकानमा बोलका व्हता. मी तुम्हनासंगे लबाड बोलनू. दाखलासवर सही मन्ही व्हती, आनि मी चुप बठनू. मन्ही चूक व्हयनी, तात्या. माले माफ करा."